मी म्हणेपर्यंत नाही

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. घरात एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या, आणि कामावर मात्र दोघींचे हात एका तालात चालल्याशिवाय एक चादर पुढे सरकत नव्हती. अबोल्याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. थोरलीच्या लेकीचा शाळेचा पांढरा सदरा धुण्यातून गुलाबी होऊन निघाला. थोरलीचं म्हणणं, धाकटीने आपला लाल मोजा त्यात टाकला. धाकटीचं म्हणणं, माझे दोन्ही मोजे माझ्या पायात होते. दिवसभर दुनियेच्या चादरी पांढऱ्याशुभ्र करणाऱ्या या दोघी, आणि घरच्या एका सदऱ्यावरून तोंडं फिरवून बसलेल्या.

त्या ज्या धुलाई कारखान्यात होत्या, तिथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. एका टोकाला मळक्या गाठोड्यांची खोली, मग धुण्याची मोठी मशिनं, मग वाळवणी, आणि शेवटी रोल. रोल म्हणजे वाफेवर तापलेला, सतत फिरणारा लांबलचक पोलादी दंडगोल. दोघी बायकांनी दमट चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, कड सरळ त्याच्या तोंडाशी द्यायची, की तो ती गिळायचा आणि पलीकडून कडक इस्त्रीची बाहेर काढायचा. एकीने जरा जास्त ओढलं की चादर तिरकी जायची, सुरकुती पडायची, आणि पलीकडे घड्या घालणाऱ्या बायका दोघींचा उद्धार करायच्या. म्हणून या दोघींना एकमेकींकडे बघावंच लागायचं. बोलायचं नाही, पण बघायचं.

रोलच्या तोंडासमोर, बोटांच्या उंचीवर, एक आडवी पट्टी होती. चादरीबरोबर बोटं पुढे गेली की आधी पट्टीला लागायची आणि रोल जागच्या जागी थांबायचा. पण पट्टीला काय कळतंय, समोर बोट आहे की चादरीची जाड शिवण. जरा कुठे गाठ आली, दुमड आली, की रोल थांबलाच. मग पुन्हा सुरू करा. माल मागे पडायचा, साहेब मुकादमाला झापायचे, आणि एके दिवशी मुकादमाने फाटक्या अभ्र्याची चिंधी घेतली आणि पट्टी वर उचलून बांधून टाकली. झालं. रोल थांबायचा बंद झाला आणि सगळे खूश.

सगळे म्हणजे, थोरली सोडून. तिने मुकादमाला सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं. मुकादम काही दुष्ट माणूस नव्हता. तो स्वतः रोलवर उभा राहूनच वर चढलेला. त्याला फक्त "बघू" म्हणायची खोड होती, आणि त्याच्या त्या "बघू"मध्ये आजवर काय काय गडप झालं होतं त्याला सुमार नव्हता.

आता ट्रेनिंगचं सांगते. काही महिन्यांपूर्वी हेड ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. जेवणाच्या खोलीत पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना चहा दिला. त्याआधी दोन दिवस माणसं येऊन धुण्याच्या मशिनांपासून रोलपर्यंत डोक्यावरून एक लाल दोरी बांधून गेली होती. बाईंनी ती दोरी समजावून सांगितली.

"काही चुकीचं दिसलं की ओढा. कोणीही ओढा, झाडूवाल्याने ओढा, काल कामाला लागलेल्या माणसाने ओढा. दोरी ताणलेली आहे तोवर सगळी मशिनं बंद राहतील. आणि एक नीट ध्यानात ठेवा. जो ओढेल, त्याच्याच शब्दावर पुन्हा सुरू होईल. तो म्हणेपर्यंत नाही. मुकादम म्हणाले तरी नाही, साहेब म्हणाले तरी नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने तर हात लाल होईस्तोवर वाजवल्या. आयुष्यात तिच्या शब्दावर काही थांबलं नव्हतं, अगदी रिक्षासुद्धा नाही, आणि ही बाई म्हणत होती की अख्खा कारखाना थांबेल. घरी जाऊन तिने नवऱ्याला ते जसंच्या तसं ऐकवलं. नवरा म्हणाला, "ऐकायला बरं आहे."

जाताना बाई म्हणाल्या होत्या, "मी परत येणार आहे. शिकवलेलं या खोलीतच राहिलं की कामावर उतरलं, ते आम्ही मोजतो." तेवढ्यावरून बायकांनी त्यांचं नाव मोजपट्टी पाडलं.

पुढे काय झालं, तर वाळवणीवाल्याला एकदा काहीतरी जळाल्याचा वास आला आणि त्याने दोरी ओढली. निघालं काही नाही. मुकादमाने त्याच्या हातातून दोरी सोडवली, मशिनं आपणच सुरू केली, आणि दुसऱ्या दिवसापासून वाळवणीवाला मळक्या गाठोड्यांच्या खोलीत. तिथे हॉस्पिटलातून काय काय चिकटून येतं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. कोणी त्याला शिक्षा म्हटलं नाही. "तिकडे माणूस कमी आहे," एवढंच म्हटलं. तेव्हापासून दोरीला कोणाचा हात लागला नाही. तिच्यावर कापसाच्या धुळीचा थर बसला, आणि टाळ्या वाजवलेले सगळे मूग गिळून बसले. थोरलीही बसली, उगाच खोटं कशाला सांगू.

आणि मग कळलं की मोजपट्टी येतेय.

साहेबांचं धाबं दणाणलं. इतक्या महिन्यांत दोरी ओढली गेल्याची एकच नोंद, आणि तीही ओढणाऱ्याची बदली होऊन संपलेली. बाई विचारणार, इथे कधी काही चुकतच नाही का? तेव्हा साहेबांनी आणि मुकादमाने मिळून एक नाटक बसवलं. मुकादम थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्ही कोणासमोर लाजत नाही. मॅडम रोलपाशी येऊन उभ्या राहिल्या की मी खोकेन. तेव्हा डाग पडलेली एक चादर तुमच्या हातात येईल. तुम्ही दोरी ओढायची आणि म्हणायचं, 'मला डाग दिसला, म्हणून मी काम थांबवलं.' मी चादर बाजूला करेन, तुम्ही म्हणायचं, 'आता सुरू करा.' संपला विषय."

"आणि पट्टी?" थोरलीने विचारलं. "ती चिंधी तेवढी सोडा ना. बाई येणारच आहेत."

"त्या दिवशी नेमका रोल मधेमधे थांबायला लागला तर? तिच्यावर मी टॉवेल टाकून ठेवतो. नंतर बघू." मग त्याने आवाज खाली आणला. "धाकटी अजून हंगामी आहे ना? साहेबांच्या मनात आहे तिला कायम करायचं. हे नीट पार पडू दे."

थोरलीने होकार दिला. धाकटीला कायम व्हायचंच होतं. धाकट्या दिराचं काम कधी असायचं, कधी नसायचं. हंगामी बाईला आज ये म्हटलं की यायचं आणि उद्या नको म्हटलं की घरी बसायचं, हे थोरलीने स्वतः भोगलं होतं. अबोला असला म्हणून काय झालं, तिच्या पोटावर पाय द्यावा असं थोरलीच्या मनातही आलं नव्हतं. मग नाटकाची तालीम झाली. मुकादम खोकला, थोरलीने दोरी ओढल्यासारखं केलं आणि वाक्य म्हणून दाखवलं. मुकादम म्हणाला, "फर्स्ट क्लास."

बाई यायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. थोरली नळावर पाणी भरायला गेली, तर धाकटी आधीच तिथे. बादली उचलायला लागली आणि चटकन खाली ठेवली. पुन्हा डाव्या हाताने उचलली. थोरली अबोला विसरली.

"हात दाखव."

"काही नाही झालेलं."

"दाखव म्हणते ना."

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं भाजून पांढरी पडली होती, कातडी सुटलेली. दुपारी एक चादर तिरकी गेली होती आणि धाकटीने ती सरळ करायला हात पुढे नेला होता, ते तिने बघितलं होतं. धाकटीने हात मागे घेतला, पुढची चादर धरली, तोंडातून हूं की चूं केलं नाही, आणि थोरलीला वाटलं, वाचली. वाचली नव्हती. अर्धी वीत आणखी आणि रोलने चादरीबरोबर हातच ओढून घेतला असता.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? आणि तुम्हीही सांगू नका, ताई. उद्या सगळं नीट होऊ दे. एकदा कायम झाले की मग बोलीन पट्टीचं."

"आणि तोवर?"

"तोवर जपून करीन." मग तिला अबोल्याची आठवण झाली असावी. "माझ्या हाताची एवढी काळजी कशाला करता? मोजे टाकणारा हात आहे तो," ती म्हणाली आणि डाव्या हातात बादली घेऊन चालती झाली.

थोरलीला त्या रात्री राग आला तो आधी धाकटीचा, मग मुकादमाचा, आणि झोप लागता लागता स्वतःचा. दुसऱ्या दिवशी काय करायचं हे तिने ठरवलं होतं का, म्हणाल, तर नाही. सकाळी कामावर जाताना तिच्या ओठांवर तेच पाठ केलेलं वाक्य होतं.

मोजपट्टी आली. हातात टॅबलेट, पायात आवाज न करणारे बूट, बोलणं गोड. सगळीकडे फिरली, ज्याला त्याला नमस्कार केला, आणि रोलपाशी येऊन एका बाजूला उभी राहिली. साहेबही वरच्या ऑफिसच्या काचेला नाक लावून उभे. थोरली आणि धाकटी चादरीमागून चादर देत होत्या. धाकटीने भाजलेल्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली होती आणि टोक चिमटीत न धरता तळव्याने दाबून पुढे ढकलत होती. म्हणजे हात आणखीच पुढे जात होता.

मुकादम खोकला.

डागाची चादर थोरलीच्या हातात आली. मधोमध केवढा तरी तपकिरी ठिपका, आंधळ्यालाही दिसेल असा. थोरलीने त्या डागाकडे बघितलं, मग धाकटीच्या हाताकडे बघितलं, आणि चादर सरळ रोलमध्ये दिली. डाग छान गरम इस्त्री होऊन पलीकडे निघाला. घड्या घालणाऱ्या बायकांनी त्याचीही घडी घातली.

मुकादम पुन्हा खोकला. आणखी एक डागाची चादर आली. थोरलीने तीही दिली. आता मुकादम असा खोकायला लागला की मोजपट्टीने वळून विचारलं, "तुम्हाला बरं नाही का? पाणी घ्या."

तिसरी चादर साधी होती. डाग नाही, काही नाही. फक्त धाकटीकडच्या कडेला धुण्यात पीळ पडलेला. तो पीळ सोडवायला धाकटीची बोटं पुढे गेली, पुढे, पट्टी जिथे असायला हवी होती तिच्याही पुढे. थोरलीने टोक टाकलं, हात वर केला आणि दोरी ओढली.

सगळं थांबलं. धुण्याची मशिनं, वाळवणी, रोल, सगळं. त्या जागेत इतकी शांतता कोणी ऐकली नव्हती; कुठेतरी पाणी ठिबकत होतं ते ऐकू यायला लागलं. धाकटीचा हात रोलच्या तोंडाशी होता. तिने तो हळूच मागे घेतला.

मुकादमाच्या जिवात जीव आला. उशिरा का होईना, नाटक सुरू झालं म्हणायचं. त्याने थोरलीला वाक्याची आठवण करून दिली. "हां, बोला वहिनी. डाग दिसला ना?"

"डाग नाही," थोरली म्हणाली. "पट्टी." आणि रिकाम्या हाताने तिने टॉवेल ओढून खाली टाकला. टॉवेलखाली ती अभ्र्याची चिंधी, गाठ मारलेली, तिच्यात लटकवलेली पट्टी. "ही पट्टी बांधलेली आहे. हिचा हात काल भाजला आणि आज गेला असता. म्हणून मी थांबवलं."

मोजपट्टी पुढे आली, चिंधीकडे बघितलं, टॅबलेटवर बोट फिरवलं. तिचा चेहरा खुलला होता. "शाबास," ती म्हणाली. "अगदी शिकवलं तसं. दोरी ओढली, कारण सांगितलं. याची नोंद झाली. आता सुरू करायला हरकत नाही."

मुकादमही घाईने म्हणाला, "हो हो, चिंधीचं बघू आपण. सोडा दोरी."

थोरलीने दोरी सोडली नाही. उलट मुठीला एक वेढा दिला.

"वहिनी."

"मी म्हणेपर्यंत नाही."

साहेब जिना उतरून खाली आले. हॉस्पिटलची गाडी दारात उभी आहे, तिकडे रुग्णांना चादरी नाहीत, तुम्हाला त्यांची काही आहे की नाही, असं सगळं म्हणून झालं. खरं सांगायचं तर दोरी धरली होती म्हणूनच थोरली उभी होती. पण तिने ती सोडली नाही.

"संध्याकाळी पट्टी सोडू," साहेब म्हणाले. "माझा शब्द."

"तुमच्या शब्दावर नाही सुरू व्हायचं, साहेब. मॅडमनीच सांगितलंय. जो ओढेल त्याच्या शब्दावर."

साहेबांनी मोजपट्टीकडे बघितलं. मोजपट्टी गोंधळली. "हे बघा," ती थोरलीला म्हणाली, "माझ्या टॅबलेटवरच्या फॉर्मात विचारलंय की दोरी ओढली का. हो किंवा नाही. ते हो झालं. पुढच्या गोष्टीला यात जागा नाही."

"तुमचं मोजून झालं असेल. माझं काम व्हायचंय." थोरलीचा आवाज आता चढला. "तुम्ही म्हणालात, शिकवलेलं कामावर उतरतं का ते बघायचंय. मग बघा की. तुमच्या हातातल्या त्या पाटीवर जागा नसली तर डोळ्यांनी बघा."

"ताई, पुरे," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. "माझं काम जाईल. तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?"

हे थोरलीला रोलपेक्षा जास्त पोळलं. पण ती मुकादमाकडे वळली. "मुकादम, तुम्ही रोलवर काढलेत ना दिवस? या. चिंधी असू दे बांधलेली. तुम्ही स्वतः पीळ पडलेली एक चादर यात घाला, तुमच्या हाताने सोडवा तो पीळ. तेवढं करा, मी आत्ता दोरी सोडते."

मुकादमाने रोलकडे बघितलं. रोल बंद होता तरी त्याची धग तोंडावर येत होती. मुकादमाचे दोन्ही हात हळूच खिशात गेले. घड्या घालणाऱ्या बायका बघत होत्या, मोजपट्टी बघत होती, टॅबलेट तिने चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला होता. शेवटी साहेबच म्हणाले, "कापा ती चिंधी."

मुकादमाने कात्री आणली आणि कापली. पट्टी खाली आली. थोरलीने विचारलं, "सगळे बाजूला आहेत ना?" आणि मग दोरी सोडून म्हणाली, "करा सुरू." रोल फिरायला लागल्यावर तिने आपली बोटं पट्टीला लावून बघितली. रोल थांबला. तेव्हा कुठे ती तिथेच एका गठ्ठ्यावर बसली आणि पाणी मागितलं.

आता यावर टाळ्या वाजल्या असतील असं वाटत असेल तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत छापील कागद लागला: ट्रेनिंगचा प्रत्यक्ष कामातला वापर, उत्तम. खाली साहेबांचं अभिनंदन. आणि त्याच दिवशी थोरलीला सांगितलं गेलं की मळक्या गाठोड्यांच्या खोलीत माणूस कमी आहे.

वाळवणीवाला तिथे हातमोजे घालून बसला होता. तिला बघून त्याने दुसरं स्टूल सरकवलं. "या," तो म्हणाला, "ट्रेनिंग नीट घेतलेले सगळे इथेच येतात."

थोरली हसली, पण घरी हसू नव्हतं. धाकटीला कायम करायचं साहेबांनी "पुढे बघू"वर टाकलं होतं. सदऱ्यावरून धरलेला अबोला आता खरा झाला. आधी निदान धाकटी भांडी आपटून आपला राग कळवायची, आता तेही नाही. थोरलीने एकदा म्हणून बघितलं, "मी तुझ्या हातासाठी केलं." धाकटी म्हणाली, "मला विचारून केलंत का?" थोरली दोन दिवस तेच मनात घोळवत राहिली. विचारलं असतं तर ही नाहीच म्हणाली असती. मग विचारायचं होतं का? पण हात तर हिचाच होता.

पट्टी काही दिवस खाली राहिली. रोल मधेमधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि गाठोड्यांच्या खोलीत भिंतीपलीकडून तो आवाज ऐकला की थोरलीला बरं वाटायचं. चालला, थांबला, चालला. मग एके दिवशी सकाळपासून तो थांबलाच नाही. एकसारखी घरघर. थोरलीच्या हातातलं गाठोडं हातातच राहिलं.

"बांधली," ती म्हणाली.

"बांधणारच," वाळवणीवाला म्हणाला. "मॅडम आता पुढच्या वर्षी."

थोरली उठणार होती. उठून काय करणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. त्या खोलीत दोरी आणलेलीच नव्हती. तिने हातमोजे काढले, आणि तेवढ्यात घरघर थांबली. नुसती रोलची नाही. धुण्याची मशिनं, वाळवणी, सगळंच एकदम. वाळवणीवाल्याने मान वर केली. दोघं दाराशी धावली.

रोलपाशी धाकटी उभी होती. दोरी तिच्या मुठीला गुंडाळलेली, एक नाही, चांगले दोनतीन वेढे. तिच्याबरोबर चादरी द्यायला लावलेली नवी मुलगी भिंतीला टेकून आपली बोटं चाचपत होती. बोटं जागेवर होती. समोर मुकादम.

"सोड ती," तो म्हणत होता. "आज कोणी मॅडम आलेली नाही मोजायला."

"मॅडम नाही, पण रोल आहे की."

"तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज थोरलीसारखा खणखणीत कधीच नव्हता. पण सगळीकडे ऐकू गेला. "दहा बोटांनी व्हायचंय. आधी चिंधी कापा."

"मी सुरू करतो मशिनं."

"करा. मी म्हणेपर्यंत नाही होत."

वरच्या ऑफिसचं दार उघडल्याचा आवाज आला. मुकादमाने पुढे होऊन तिच्या मुठीकडे हात नेला. वाळवणीवाल्याच्या हातातून सोडवली होती तशीच दोरी सोडवायची, दुसरं काय. थोरली चालायला लागली. मळक्या खोलीतली माणसं स्वच्छ चादरींच्या बाजूला येत नाहीत असा तिथला नियम होता. तो मोडून ती चादरींच्या गठ्ठ्यांमधून सरळ नाकासमोर चालत गेली, मागून वाळवणीवाला. घड्या घालणाऱ्या बायकांनीही आपल्या जागा सोडल्या. मुकादमाने हात मागे घेतला.

थोरलीने धाकटीच्या मुठीच्या जरा वर दोरी धरली. धाकटीने मान वळवली नाही. तिची नजर जिन्यावर होती, तिथून साहेब उतरत होते.

"तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली. "आणि सदरा मी बिघडवलेला नाही, हे घरी जाऊन पुन्हा सांगणार आहे."

"सांग."

"आत्ता नीट धरा. माझं बोट दुखतंय."

थोरलीने दोरी नीट धरली.